वीस जुलैला सुट्टी नाही

नोकरीच्या पहिल्या दिवशी वरिष्ठांनी माणसाला काय विचारावं? नाव, गाव, फार तर "प्रवास ठीक झाला ना?" मला त्यांनी विचारलं, "पोहता येतं का?"

मी नाशिकचा. आदल्या रात्रीच कुवेतला उतरलो होतो. बाहेर नजर जाईल तिथवर वाळू, त्या वाळूत पेट्रोकेमिकलचा कारखाना, कारखान्यात हे केबिन, आणि केबिनमध्ये अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट घातलेले, टकलाला खोबरेल चोपडलेले हे मराठी गृहस्थ माझ्याकडे विलक्षण काळजीनं पाहत होते.

"थोडंफार येतं, सर," मी म्हणालो. "पण इथे कशाला लागेल?"

"आज पंधरा एप्रिल. टायटॅनिक बुडाली ती याच तारखेला. आणि तू नेमका आजच रुजू होतोयस." त्यांनी एक सुस्कारा सोडला. "बस. पण खुर्ची नीट धरून बस."

मी खरोखर खुर्ची धरून बसलो. तिथून पुढे त्या माणसाच्या सहवासात माझी सबंध हयात खुर्ची धरूनच गेली.

सर आमच्या देखभाल विभागाचे प्रमुख. कुठलं यंत्र कधी बंद करायचं, कधी उघडायचं, कधी पुन्हा चालू करायचं, हे सगळं वेळापत्रक त्यांच्या हातात. आणि जगाच्या इतिहासातलं सगळं वेळापत्रक त्यांच्या डोक्यात. वही नाही, डायरी नाही, कात्रणं नाहीत. तुम्ही तारीख सांगायची, की त्या तारखेला कोण जन्मलं, कोण गेलं, कुठली लढाई झाली, कुठला पूल कोसळला, हे खळाळून बाहेर. कोणी गमतीनं त्यांना 'चालतं पंचांग' म्हटलं की ते खवळायचे. "पंचांग होणार ते सांगतं, आणि ते होत नाही. मी झालेलं सांगतो. ते खोटं ठरवून दाखव!"

कामाला लागण्याआधी रोज सकाळी पाच मिनिटं सुरक्षिततेवर बोलायचं असा कारखान्याचा नियम होता. सर हेल्मेटवर एक वाक्य बोलत आणि उरलेल्या वेळात सगळ्यांना जगभर फिरवून आणत. समोर मल्याळी वेल्डर, फिलिपिनो फिटर आणि एक आडव्या अंगाचा इजिप्शियन फोरमन. हा फोरमन आल्या आल्या अदबीनं विचारायचा, "या मुहंदिस, इंजिनिअरसाहेब, आज कोणी मेलं का?"

"आज नाही. आज भारतातली पहिली प्रवासी गाडी सुटली. बोरीबंदर ते ठाणे."

"अल्हमदुलिल्लाह!" म्हणून तो सुटकेचा श्वास टाकायचा आणि पाना उचलायचा. बोरीबंदर कुठे आहे हे त्याला आजतागायत माहीत नसेल, पण तिथून गाडी सुखरूप सुटल्याचा त्याला मनापासून आनंद होई.

सतरा डिसेंबरला, म्हणजे माणसानं पहिल्यांदा विमान उडवलं त्या दिवशी, सरांनी कंट्रोल रूममध्ये कागदाचं विमान सोडलं. ते डुलत डुलत गेलं आणि नेमकं दारातून आत येणाऱ्या मुदीरच्या, म्हणजे आमच्या कुवेती मॅनेजरच्या, छातीवर आपटलं. सगळे जागच्या जागी थिजले. मुदीरनं विमान उचललं, उलगडलं. कार्यालयात कागद वाया घालवू नये, असं त्यांनीच आदल्या आठवड्यात काढलेलं परिपत्रक होतं ते. सर शांतपणे म्हणाले, "सर, पहिलं विमान बारा सेकंद उडालं होतं." मुदीरनं घड्याळाकडे पाहिलं, परिपत्रकाची पुन्हा घडी घातली, नाक जास्त टोकदार केलं, आणि स्वतः सोडलं. "हे तर तीनसुद्धा नाही उडालं," असं म्हणून ते नाराज होऊन निघून गेले. असा माणूस होता. त्याच्यापुढे दुसऱ्यांनाही वेड लागायचं.

घरीही हेच. रुमैथियातल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये एकदा फ्रिज बंद पडला तो तेरा जानेवारीला. दुसऱ्या दिवशी काकू पर्स घेऊन तयार. सर सोफ्यावर गंभीर होऊन बसलेले. "आज चौदा. आज पानिपत झालं. आज खरेदी नाही."

काकू म्हणाल्या, "पानिपत तिकडे झालं. इथे माझं दूध नासतंय."

"लाखभर बांगडी फुटली, आणि तू दुधाचं काय घेऊन बसलीस?"

"बरं, मग तुम्ही शोक करा. मी फ्रिज आणते. आज तुम्ही तासभर मौन पाळता ना? पाळा. वर्षातला तेवढाच तास मला घरात शांतता मिळते." आणि काकू खरंच एकट्या जाऊन फ्रिज घेऊन आल्या.

पुढे कितीतरी वर्षांनी, दोन हजार सातमध्ये, कुवेतनं आठवड्याची सुट्टी गुरुवार-शुक्रवारची शुक्रवार-शनिवार केली. तेव्हा मी मस्कतला होतो. सरांचा फोन आला. आवाज थरथरत होता. मला वाटलं कोणाचं काही बरंवाईट झालं. "अरे, एक सप्टेंबरपासून करताहेत! दुसरं महायुद्ध सुरू झालं ती तारीख! यांच्याकडे विचारायला कोणी माणूस नाही का?" माणूस होता. पण तो निवृत्त होऊन रुमैथियात सोफ्यावर बसला होता.

आता मूळ गोष्टीकडे येतो. मूळ गोष्ट माझ्या मानेपासून सुरू होते.

बारा एप्रिलला पहिला माणूस अवकाशात गेला. मी आल्याच्या पुढच्या वर्षी त्या तारखेला सकाळी सरांनी आम्हा सगळ्यांना आवारात उभं केलं आणि एक मिनिट वर आकाशाकडे पाहायला लावलं. एप्रिलातलं कुवेतचं आकाश, सूर्य डोळ्यांत, डोक्यावर हेल्मेट. मिनिट संपलं. सगळ्यांच्या माना खाली आल्या. माझी आली नाही. कट्कन काहीतरी झालं आणि मी वरच पाहत राहिलो. फोरमननं विचारलं, "अजून दिसतोय का तो?"

सरांना फार अपराधी वाटलं. त्यांची मुलगी रेवा जाब्रियातल्या एका क्लिनिकमध्ये फिजिओथेरपिस्ट होती. त्यांनी मला स्वतः गाडीत घालून तिच्याकडे नेलं. मी छताकडे पाहत आत शिरलो, त्यामुळे तिचा चेहरा पाहण्याआधी मी तिचा आवाज ऐकला.

"बाबा, नॉट अगेन! गेल्या वर्षी त्या फिलिपिनो अंकलची मान, आता यांची. तुमचा तो रशियन सुखरूप परत आला होता ना? मग?"

मान आठवडाभरात उतरली. पण हे मी तिला महिनाभर सांगितलं नाही. तिनं ओळखलं होतं, असं ती नंतर म्हणाली. "दुसऱ्याच आठवड्यात तू उजवीकडे वळून माझ्या टेबलवरचा फोटो पाहिलास. दुखऱ्या मानेचा माणूस उजवीकडे वळत नाही. पण म्हटलं, येतोय तर येऊ दे."

वर्षभरानं आमचं ठरलं. सरांना सांगायला गेलो तेव्हा मी आधीच खुर्ची घट्ट धरून ठेवली. उगाच. सर आनंदानं उठून उभे राहिले. "मुलगा टायटॅनिकच्या दिवशी आला आणि तरंगला! आणखी काय पाहिजे?" काकूंनी शिरा केला. सगळं इतकं सुरळीत झालं की मला वाटलं, सासरे लोक उगाच बदनाम आहेत.

मग सरांनी विचारलं, "तारीख कुठली?"

इथे अडचण सांगायला हवी. माझा कुवेतचा करार ऑगस्टच्या मध्याला संपत होता आणि मला मस्कतला चांगली नोकरी मिळाली होती. तिथे रुजू होताना कागदपत्रांत लग्नाचा दाखला असला, तर बायकोचा व्हिसा बरोबरच. नसला, तर वर्षभर एकटं राहायचं आणि मग अर्ज करायचा. म्हणजे लग्न ऑगस्टच्या मध्याच्या आत, इथल्या आपल्या दूतावासात, नोंदणी पद्धतीनं. आम्ही नोटीस देऊन बसलो होतो. फक्त दिवस घ्यायचा होता. आणि रेवानं मला बजावलं होतं, "बाबा साक्षीदार म्हणून आले नाहीत, तर मी सही करणार नाही. तू एकटा जा मस्कतला. मी चिडून बोलत नाहीये, आय मीन इट."

दूतावासातल्या क्लार्कनं रिकाम्या तारखांचा एक कागद दिला. आम्ही तो सरांपुढे ठेवला.

"अठरा जून," मी म्हणालो.

"वॉटर्लू."

"सर, पण त्या लढाईत कोणीतरी जिंकलंही असेल ना?"

"जिंकलं की! लग्नात तू कोण, जिंकणारा की हरणारा, सांग." मी काकूंकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली, उत्तर देऊ नकोस अशा अर्थी.

"अठ्ठावीस जून?"

"सारायेव्होत गोळी झाडली. पहिलं महायुद्ध पेटलं."

"बारा जुलै?"

"पानशेत! अरे, सगळं पुणं वाहून गेलं! माझी सायकल गेली!"

"चौदा जुलै," रेवा पुढे सरसावली. "बाबा, बॅस्टिलचा तुरुंग फुटला. फ्रीडम! धिस इज अ गुड वन."

"मुलीचं लग्न आणि त्याच दिवशी तुरुंगातून सुटका? लोक हसतील. याच्या आईला काय वाटेल?"

असं करत करत आमचं बोट वीस जुलैवर आलं. सरांचा चेहरा उजळला. सोफ्यावरून उठून त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. "वीस जुलै! माणूस चंद्रावर उतरला! अरे, याहून मंगल दिवस शोधून सापडणार नाही!" रेवानं त्यांच्या गळ्यात हात टाकले. काकूंनी देवापुढे साखर ठेवली. मी दुसऱ्याच दिवशी कारखान्यात जाऊन सुट्टीचा अर्ज टाकला. अर्ज गेला देखभाल विभागाच्या प्रमुखांकडे. संध्याकाळी परत आला. त्यावर सरांच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं: नामंजूर.

मी धावत केबिनमध्ये गेलो. "सर, हे काय?"

"अरे, वीस जुलैला तुला सुट्टी कशी देऊ? त्या दिवशी मोठा बॉयलर पुन्हा सुरू व्हायचाय. तुझी मीटर-पॅनेलं तूच बघायची आहेत."

"पण सर, हा दिवस ठरवला कोणी?"

"मीच. सहा महिन्यांपूर्वी. चंद्राचा दिवस आहे, एवढा चांगला दिवस बॉयलरला दुसरा नाही."

"मग बॉयलर एक दिवस पुढे ढकला ना! तुमची मुलगी आहे, सर!"

सर खरोखर पेचात पडले. सासरा आणि विभागप्रमुख एकाच खुर्चीत बसून एकमेकांशी भांडत होते, आणि मला दोघांचेही चेहरे दिसत होते. शेवटी विभागप्रमुख जिंकला. "एकवीसला काही खास घडलेलं नाही रे," ते केविलवाणे होऊन म्हणाले. "बॉयलर फुटला तर?"

दापोलीचे इब्राहिमभाई आमचे मित्र. जलीब अल शुयूखमध्ये त्यांचा बकाला, म्हणजे किराण्याचं दुकान. रेवाच्या बाजूचे दुसरे साक्षीदार तेच होते. त्यांना ही हकीकत सांगितली तेव्हा ते तांदळाच्या पोत्यावर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. "अरे देवा! बॉयलरचा मुहूर्त निघाला, पोरीचा नाय! तुझ्या सासऱ्यानं स्वतःचं लगीन कुठल्या तारखेला केलं, ते इचार की त्याला."

मी हसण्यावारी नेलं. दूतावासात पुन्हा गेलो. क्लार्कनं रजिस्टर चाळलं आणि सांगितलं की तुमच्या मुदतीत आता एकच दिवस उरला आहे, तो कोणी घेत नाही म्हणून. दोन ऑगस्ट.

कुवेतमध्ये राहिलेल्या माणसाला ही तारीख समजावून सांगावी लागत नाही. नव्वद साली त्या पहाटे इराकी रणगाडे शहरात शिरले होते. सर, काकू आणि शाळकरी रेवा तेव्हा इथेच होती. घर, गाडी, होतं नव्हतं ते टाकून, बसनं वाळवंट ओलांडून, अम्मानमार्गे ती तिघं मुंबईला पोचली, आणि युद्ध संपल्यावर पुन्हा इथेच येऊन शून्यापासून उभी राहिली. वर्षाच्या प्रत्येक दिवसावर तासभर बोलणारे सर त्या तारखेवर कधी चकार शब्द काढत नसत. आणि आम्ही वॉटर्लूला अडणाऱ्या माणसापुढे ही तारीख ठेवणार होतो.

रेवानंच सांगितलं. सर ओरडले नाहीत. तेच भयंकर होतं. ते हळू आवाजात म्हणाले, "नाही. तू मस्कतला जा. पुढच्या वर्षी बघू."

"बाबा—"

"इथल्या लोकांच्या घरात त्या दिवशी माणसं गेली, रेवा. त्या दिवशी आपण हार घालायचे?"

रेवानं माझ्याकडे पाहिलं. मी मस्कतच्या एकट्या खोलीकडे पाहू लागलो. तेवढ्यात स्वयंपाकघरातून काकू हात पुसत बाहेर आल्या.

"सांगू का यांना?" त्यांनी सरांना विचारलं. सर खिडकीबाहेर पाहत राहिले. "मग मीच सांगते. आमचं लग्न दोन ऑगस्टचं. पुण्यात, रजिस्टर. माझी जात वेगळी, म्हणून यांच्या घरचं कोणी नाही, माझ्या घरचं कोणी नाही. दोन मित्र सही करून कामावर पळाले. चातुर्मास होता, मुहूर्त नव्हता. हे म्हणाले, मुहूर्त म्हणजे थोतांड, आपल्याला रिकामी खोली मिळाली तो आपला मुहूर्त. हेच म्हणाले बरं का! हे!"

रेवा आ वासून ऐकत होती. ही तारीख तिला माहीत होती, पण ही गोष्ट कोणी अशी सांगितली नव्हती.

"दरवर्षी मी बासुंदी करायचे. नव्वद सालीसुद्धा पहाटे उठून दूध आटवायला ठेवलं, आणि आवाज सुरू झाले. तेव्हापासून बासुंदी बंद. तो दिवसच बंद. आठ वर्षं झाली, माझं लग्नच झालेलं नाही." काकू सरांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "त्या फौजेनं आपलं घर घेतलं, गाडी घेतली, माझ्या बांगड्या घेतल्या. तारीख त्यांनी मागितली नव्हती हो. ती तुम्ही आपणहून देऊन टाकलीत."

सर सोफ्याच्या उशीची चेन लावू-उघडू लागले.

"आणि हारांचं म्हणाल, तर बँड नको, हॉल नको, जेवणावळ नको. चार माणसं, बंद दार. शोकाच्या दारात नाचू नये एवढं मला कळतं. पण आपण लग्न केलं तेव्हा हा दिवस कोराच होता. पुढे त्यावर काय लिहिलं जाणार आहे, हे तुमच्या इतिहासाला तरी माहीत होतं का?"

सर उठले आणि आतल्या खोलीत गेले. दार लागलं. आम्ही तिघं बसून राहिलो. चहा झाला. काकूंनी कोथिंबीर निवडली. रेवानं नखं खाल्ली. बऱ्याच वेळानं दार किंचित उघडलं आणि फटीतून सरांचं टक्कल दिसलं.

"दादरा-नगर हवेली," ते म्हणाले.

"काय?"

"चोपन्न साल. दोन ऑगस्ट. पोर्तुगीजांच्या तावडीतून सुटली. आपली पुण्याची पोरं होती त्यात." ते बाहेर आले. डोळे लाल होते, पण आवाजात खळाळ परतला होता. "चांगला दिवस आहे तसा."

"म्हणजे तुम्ही हो म्हणताय का?" काकूंनी विचारलं.

"मी नाही. इतिहास हो म्हणतोय."

"मग इतिहासाला विचारा, जेवायला काय करू? पिठलं चालेल ना?"

वीस जुलैला बॉयलर सुरू झाला. एकदाही खोकला नाही. सर दिवसभर त्याच्याकडे मुलगी सासरी पाठवल्यासारखे पाहत होते.

दोन ऑगस्टला आम्ही दूतावासात गेलो. वर आणि खाली सगळं पांढरंफटक ऊन. सर टायमध्ये. काकू हिरव्या साडीत. इब्राहिमभाई जलीबहून केरळच्या फुलवाल्याकडचे मोगऱ्याचे हार घेऊन आले, बर्फाच्या डब्यात घालून. मी डबा उघडला तर आत चार हार.

"इब्राहिमभाई, आम्ही दोघंच आहोत."

"मना चार सांगितले तुझ्या सासूनं. मी इचारणारा कोण?"

सह्या झाल्या. साक्षीदाराच्या रकान्यात सरांनी सही केली आणि शेजारी तारीख लिहिली. इतक्या वर्षांत मी त्यांना प्रथमच भाष्याशिवाय तारीख लिहिताना पाहिलं. आम्ही हार घातले. रेवा रडली, मी रडलो, इब्राहिमभाईंनी दोघांना एकच रुमाल दिला. क्लार्कनं आमचा कागद बाजूला ठेवला आणि बाहेर बाकावर बसलेल्या लोकांकडे पाहून आवाज दिला, "अगला जोड़ा कौन है?"

"हम!" काकू म्हणाल्या.

आणि त्या डब्यातून उरलेले दोन्ही हार काढून, एक सरांच्या हातात कोंबून, टेबलापुढे जाऊन उभ्या राहिल्या. सर जागच्या जागी लाल झाले, कानांपर्यंत, टकलापर्यंत. "अगं, काय करतेयस काय? आपलं झालंय! लोक बघताहेत!"

"बघू देत. पहिल्या वेळी कोणी नव्हतं बघायला."

काकू बुटक्या. हार त्यांच्या हातात वर धरलेला, आणि सर अजून ताठ. बाकावरची सगळी माणसं उठून दाराशी गोळा झाली, त्यात दोन सरदारजी होते, एक मल्याळी नर्स होती. सरांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा रेवाकडे, आणि मग हळूच मान खाली वाकवली. हार गळ्यात पडला. टाळ्या वाजल्या. क्लार्क भला माणूस होता. त्यानं हसत हसत एक कोरा कागद पुढे ओढला, पेनाचं टोपण काढलं आणि खोटं खोटं गंभीर होऊन विचारलं, "हाँ जी, शादी किस दिन हुई?"

आता दादरा-नगर हवेली येणार म्हणून मी कान टवकारले. सरांनी काकूंच्या गळ्यात हार घातला, तो नीट मध्यावर आणला, आणि सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"आज."